उंबरगाव किती लांब

ताई, तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे.

गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, मला कळतं. ओटीवर येऊन बसणारे सगळे चांगलंच बोलतायत. ताईंनी लग्न केलं नाही, पण भावाचा संसार आपला मानला. ताईंनी एकटीने चिकूची वाडी राखली. सगळं खरं आहे. मी मान हलवते, चहा देते आणि मनात म्हणते, हो, आणि ताईंनी माझ्या मुलीला पाच वर्षं एक गोष्ट खोटी सांगितली, ती निस्तरायचं कबूल केलं आणि न निस्तरता निघून गेल्या. हे मात्र कोणी बोलत नाही.

गेलात तेही तुमच्या पद्धतीनेच, कोणाला काही न विचारता. चिकूच्या ढिगापाशी बसून बारीक-मोठे वेगळे करत होतात. "लक्षी, जरा पाणी दे ग," म्हणालात आणि लक्षी तांब्या घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी तेव्हा तलासरीला शाळेत, चौथीला पाण्याचे गुणधर्म शिकवत होते. बुंदी गेली तेव्हाही मी शाळेतच होते. या घरात जे काही घडतं ते माझी शाळा भरल्यावर घडतं आणि संध्याकाळी एसटीतून उतरल्यावर मला त्याचा फक्त शेवट ऐकायला मिळतो.

बुंदीबद्दल मी तुम्हाला काय सांगणार! कोसबाडला कलमं आणायला गेला होतात आणि टेम्पोतून कलमांबरोबर ते कुत्रीचं ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू उतरलं होतं. "कलमांवर फुकट मिळालं," असं तुम्ही तोंड वर करून सांगितलंत. दोन हजार चौदा साल होतं आणि ईशू साडेतीन वर्षांची होती. दिवसभर ती तुमच्यापाशी, बुंदी तिच्यापाशी. तुम्ही होतात म्हणून माझी नोकरी टिकली, हे आधीच लिहून टाकते, नाहीतर चिडण्याच्या भरात राहून जाईल. माझ्या बाळंतपणानंतर सगळ्यांनी धरलं होतं की मी आता घरी बसणार. तुम्ही एकट्या म्हणालात, "ती शाळेत जाईल. पोरगी मी बघते." मी आभार मानले नाहीत. घरच्या माणसाचे काय आभार मानायचे, असं वाटलं. आता मानते, पण ऐकायला तुम्ही नाही.

तर, वर्षभरातच एके दिवशी विहिरीपलीकडच्या कोपऱ्यात बुंदीला घोणस चावली. मी घरी पोचले तेव्हा ईशू पायरीवर बसून शेंगा सोलत होती.

"आई, आत्या बुंदीला पोचवून आली."

"कुठे?"

"उंबरगावला."

मी तुमच्याकडे पाहिलं. तुमचे केस ओले होते, नुकत्याच न्हायला होतात. तुम्ही नजर चुकवलीत आणि आत गेलात.

माझी पहिली चिडचिड त्या शब्दावर होती. आपल्याकडे माणूस गेलं की त्याला पोचवायला जातात. पोचवून आलो म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही, न्हाणीत गरम पाणी काढून देतात. तुमच्या तोंडी तो शब्द आपसूक आला असणार, कुत्री असली तरी घरचीच होती. पण त्या मुलीला पोचवणं एवढंच माहीत होतं की बाबा रोज सकाळी आईला स्कूटरवरून एसटी स्टँडवर पोचवतात. आणि पोचवलेली आई संध्याकाळी परत येते! ती दुसऱ्या दिवशी पाच वाजता माझी वाट बघत फाटकात उभी होती, तर मला आनंद झाला. मी आत शिरले तरी ती तिथेच उभी राहिली. माझी नव्हे, बुंदीची वाट बघत होती.

मग रांगच लागली. मुंगसाने धरलेली कोंबडी, डोळे न उघडलेलं मांजरीचं पिल्लू, कपिलेचं पहिलं वासरू. एकेक करून तुम्ही सगळ्यांना उंबरगावला पोचवलंत. उंबरगाव म्हणजे घोलवड, बोरडी गेलं की गुजरातच्या हद्दीतलं पहिलं स्टेशन. कोंबडीने तिथे जाऊन काय करायचं, असं मी विचारलं, तर तुम्ही पोळी लाटता लाटता म्हणालात, "जे इथे करायची तेच."

ईशूने आपल्या डोक्यात याचा पक्का नियम बसवून टाकला होता. माणसं मरतात, जनावरांना पोचवतात. शेजारच्या कुंदाकाकींचे सासरे गेले तेव्हा ती बायकांमध्ये जाऊन गंभीरपणे म्हणाली, "आजोबा वारले. पण त्यांच्या मांजराला काही होणार नाही, त्याला फक्त पोचवतील." सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. मला हसू आलं नाही. माझ्या वर्गातल्या पाड्यावरच्या पोरी सरळ सांगतात, बाई, आमची शेळी मेली, तिचा पाय सुजला होता. सांगताना रडतात आणि मग वही उघडतात. त्यांना जे सहा वर्षांच्या असताना कळतं ते विज्ञान शिकवणाऱ्या बाईच्या मुलीला कळू नये, याची मला लाज वाटायची. लाज माझी होती आणि बोलणी तुम्हाला बसायची, हेही कबूल करते.

"ताई, तिला खरं सांगा."

"सांगू की. घाई काय आहे?"

हे तुमचं ठरलेलं वाक्य. गॅस संपत आला, घाई काय आहे. डॉक्टरांनी तपासायला बोलावलंय, घाई काय आहे. या दुसऱ्यावर तर मी तुमच्याशी भांडायलाही कमी पडले.

आणि ती बिस्किटं! दर शनिवारी ईशू डब्यातली दोन बिस्किटं काढून तुमच्या हातात द्यायची. "बुंदीला पोचव हं, आत्या." तुम्ही ती पदराला बांधून वाडीत जायचात आणि रिकाम्या पदराने यायचात. "उंबरगावात दिली," म्हणायचात, अगदी निर्विकारपणे. मी एकदा ईशू नसताना म्हटलं, "चहात बुडवून तुम्हीच खात असाल." तुम्ही म्हणालात, "खाते तर खाते. तुझं काय जातं?"

ताई, हे वाक्य मला आता फार लागतं, पण त्याचं पुढे सांगते.

गेल्या वर्षी वलसाडच्या लग्नाला निघालो तो दिवस. पहिल्या पावसानंतरचं लग्न होतं आणि तुम्ही वाडीतली कामं सोडून येणार नव्हतात. गाडी उंबरगावला थांबली. तुमचा भाऊ खिडकीला डोकं टेकून घोरत होता, मी पिशवीतून पाण्याची बाटली काढत होते. समोरची बाई एकदम ओरडली, "बेन, तमारी छोकरी उतरी गई!"

मी उडी मारल्यासारखी उतरले. मागे गाडी सुटली. तुमचा भाऊ लग्नाच्या आहेरासकट झोपेतच वलसाडला गेला. ईशू फलाटाच्या टोकाला, कुंपणाच्या गजांना धरून हाका मारत होती, "बुंदी! बुंदी!" तिथे चहावाल्या म्हाताऱ्याला दया आली. "बुंदी तो मिठाईनी दुकाने मळशे, बेटा," म्हणून तो तिला समजावत होता. ती त्याला ठिपके, शेपूट, सगळं करून दाखवत होती. तिच्या फ्रॉकच्या खिशात बिस्किटांचा पुडा होता. घरून निघतानाच तिने तो घेतला होता, म्हणजे हे तिने आधीपासून ठरवलं होतं.

तिथेच सांगायला हवं होतं. परतीच्या गाडीला तासभर होता, आम्ही दोघीच बाकावर बसलो होतो. ती म्हणाली, "आपण आत्याला नीट पत्ता विचारून परत येऊ या ना?" आणि मी, जी वर्षानुवर्षं खरं सांगा म्हणून तुमच्या मागे लागले होते, ती मी म्हणाले, "हो." राग तुमच्यावर काढायचा होता. तो मी घरापर्यंत जपून आणला.

तुम्ही मोरीपाशी बोंबील साफ करत होतात. "आज मुलगी हातची गेली असती," एवढंच मी म्हटलं, तर तुमचा विळीवरचा हात थांबला. तुम्ही घाबरलात, मला दिसलं. तरी मी थांबले नाही. खोटारड्या म्हणाले मी तुम्हाला. स्वतःचं मूल असतं तर कळलं असतं, असंही म्हणाले. ते मी आजवर परत घेतलेलं नाही.

तुम्ही हात धुतलेत आणि हळू आवाजात म्हणालात, "खोटं कुठे सांगितलं मी? उंबरगावातच आहेत सगळी. चल, तुला दाखवते."

"मला काही दाखवू नका. तिला सांगा."

"बरं. मी सुरू केलंय, मीच निस्तरीन. पाऊस संपू दे. आता तिकडे साप असतात."

तिकडे म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. भांडण जिंकल्यासारखं वाटलं होतं, ते पुरे होतं मला. पाऊस संपला. मग दिवाळी होऊ दे, मग थंडीतला माल उरकू दे. माल अजून उरकलेला नाही, ताई. तुम्ही निवडत होतात तो ढीगही लक्षीनेच पुढे निवडला.

त्या दिवशी मी शाळेतून धावतपळत आले तेव्हा तुम्हाला नेऊन झालं होतं. ईशू कुंदाकाकींच्या मांडीवर होती आणि कुंदाकाकी तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणत होत्या, "आत्याला पोचवायला गेलेत हो सगळे, येतील आता."

पोरीचा चेहरा उजळला, ताई. मी बघितलं ना. नऊ वर्षांची मुलगी, माणसं मरतात हे तिला चांगलं ठाऊक. पण आत्या मेली नव्हती, आत्याला पोचवलं होतं! नियम तुम्हीच घालून दिलेला. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, आता आत्याच बुंदीला बिस्किटं देईल." आणि जरा वेळाने, "पण ती चष्मा विसरली."

तुमचा चष्मा चिकूच्या ढिगात सापडला होता. एका काडीला दोरा गुंडाळलेला, नवीन करून घ्यायची घाई नसलेला. ईशूने तो तुमच्या रुमालात बांधून दप्तरात ठेवला. येणारेजाणारे म्हणत होते, "किती शहाणी पोर, एकदाही रडली नाही." प्रत्येक वेळी माझ्या अंगाची लाही व्हायची. ती रडत नव्हती कारण घरातली गर्दी ओसरली की शनिवारी शाळा सुटल्यावर ती उंबरगावला जाणार होती. तुम्ही गेलात म्हणून मला रडायचं होतं आणि तुम्ही हे काम माझ्या गळ्यात टाकून गेलात म्हणून मला धड रडताही येत नव्हतं.

परवा लक्षी भांडी घासत होती. ती आपल्याकडे पंधरा वर्षं कामाला, वाडीतलं पान न् पान तिला ठाऊक. मी सहज म्हणून विचारलं, "लक्षी, तेव्हा बुंदीला कुठे टाकलं होतं ग?"

"ताई टाकतील काय?" ती दुखावल्यासारखी म्हणाली. "उंबरगावात पुरलं."

"तू पण सुरू केलंस?"

"अवो बाय, उंबरगाव म्हंजे ते काय, विहिरीपल्याड उंबर आहे ना, ते. ताई त्यालाच उंबरगाव बोलायच्या. आमी पण तसंच बोलतो. सगळी तिथंच आहेत. बिस्किटं पण तिथंच कुस्करून टाकायच्या. मुंग्यांची मजा."

मी विचारलं, "मग घरात का नाही सांगितलं?"

"दादा चिडतील बोलल्या. दत्ताचं झाड ना. तिथं कुत्रं पुरलं म्हटल्यावर..."

तुमचा भाऊ दर दत्तजयंतीला त्या उंबराखाली नारळ वाढवतो, ताई. पाच वर्षं तो बुंदीलाच नैवेद्य दाखवत होता. मी हसले. मोठ्याने हसले, सुतकातल्या घरात, आणि मग ते हसणं कुठे गेलं कळलं नाही. लक्षीने साबणाच्या हाताने माझा खांदा धरला.

बिस्किटं पोचत होती. एकूणएक पोचत होती. तुम्ही मला दाखवायला निघाला होतात आणि मी म्हटलं, मला काही दाखवू नका. मला तेव्हा खरं नको होतं, तुमची चूक हवी होती. पण तुम्हीही कमाल केलीत, ताई. "सुषमा, झाडाचं नाव आहे ते," एवढं बोलायला काय झालं होतं? चार शब्द. मी तुमच्या भावाला थोडीच सांगणार होते? मला का नाही त्यात घेतलंत?

काल शनिवार होता. ईशू दप्तर घेऊन तयार होती. मी तिला म्हटलं, "चल, उंबरगावला जाऊ." ती चपला घालून फाटकाकडे धावली. मी तिला हाक मारून उलट्या बाजूला वळवलं, वाडीत. घोणशीच्या दिवसापासून विहिरीपलीकडे जायला तिला बंदी होती आणि ती बंदी माझी होती. चार मिनिटं लागली. उंबराखाली समुद्रावरून आणलेले गोटे ओळीने लावलेले होते, प्रत्येकावर चुन्याचा ठिपका. पहिल्या गोट्यावर ठिपकेच ठिपके होते. तो कोणाचा, हे ईशूला वेगळं सांगावं लागलं नाही.

तरी सांगितलं. बुंदी मेली होती, वासरू मेलं होतं, सगळी मेली होती. मेलेल्यांना पुरतात, आत्याने इथे पुरलं, या जागेचं नाव तिने उंबरगाव ठेवलं. माझा आवाज वर्गातल्यासारखा येत होता. ती ऐकत होती. मग तिने ओळीतला शेवटचा गोटा बघितला आणि विचारलं, "आत्याचा कुठला?"

"आत्याचा नाही. माणसांना जाळतात. आत्या मेली, ईशू. तिची राख नरपडच्या समुद्रात सोडली. ती उंबरगावला नाही. कुठेच नाही."

झालं. सांगून टाकलं. माझी कल्पना अशी होती की खरं सांगितलं की मूल रडतं, आपण जवळ घेतो आणि ते हलकं होतं. ईशू रडली नाही. तिने मागे वळून घराकडे बघितलं. तिथून आपली मोरी दिसते, ताई, वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसतात.

"एवढं जवळ होतं?" ती म्हणाली. "मग मी रोज आले असते! मला का नाही येऊ दिलं? आत्याला का नाही सांगता आलं? तुला का नाही?"

आणि मग तिने मला मारलं. दोन्ही मुठींनी, पोटावर, आणि दहा दिवसांचं रडणं एकदम बाहेर आलं. मी मार खाल्ला. तुमच्या वाटणीचाही मीच खाल्ला.

बऱ्याच वेळाने ती शांत झाली. दप्तरातून तुमचा रुमाल काढला, गाठ सोडली आणि दोरा गुंडाळलेला चष्मा हातात धरून बसली. आता तो कुठे न्यायचा हे तिला कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. शेवटी तिने बुंदीच्या गोट्याशेजारी हाताने माती उकरली, तिथली माती मऊ आहे, आणि चष्मा आत ठेवला. वर माती लोटताना थांबली आणि माझ्याकडे बघितलं.

"आई, खरं सांग. इथे ठेवला तर पोचेल?"

मी विज्ञान शिकवते, ताई. अर्ध्या तासापूर्वी मीच तिला म्हटलं होतं की तुम्ही कुठेच नाही.

"पोचेल," मी म्हटलं.

हसू नका.